बोगनवेल : काटा की फूल?

आमच्या भाईंदरच्या घराच्या गच्चीवर मी मोठ्या हौसेने बोगनवेलीचे एक रोप लावले. रोज सकाळी न चुकता पाणी घातले. महिन्यातून एकदा शेणखतही दिले. दोन वर्षांत रोपाचे झुडूप झाले. पाने हिरवीगार, फांद्या हातभर लांब, काटे तर बोटाच्या पेराएवढे! फूल मात्र एकही नाही. उलट काशीमिऱ्याकडे महामार्गाने जावे तर दुभाजकावर, धुळीत आणि धुरात, त्याच बोगनवेली गुलाबी-जांभळ्या रंगाने नुसत्या पेटलेल्या दिसत.

अखेर घरातील लहान मुलाच्या हाताला काटा लागला आणि झाड काढून टाकायचे असे ठरले. कात्री घेऊन मी गच्चीवर गेलो तेव्हा शेजारची नववीत शिकणारी मुलगी तेथे होती. ती म्हणाली, "काका, ज्या झाडाची कोणी काळजी घेत नाही तेच फुलते आणि ज्याची तुम्ही एवढी काळजी घेता ते फुलत नाही, असे का?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता येईना. म्हणून मी कात्री खाली ठेवली. आधी उत्तर शोधायचे, मग झाडाचा निकाल लावायचा, असे आम्ही दोघांनी ठरविले. त्या शोधाची ही हकिगत आहे.

दूरची पाहुणी

'बोगनवेल' हा शब्द ऐकला की तो अस्सल मराठी वाटतो, कारण त्याच्या शेवटी आपला 'वेल' आहे. खरे पाहता हे एका फ्रेंच दर्यावर्दीचे नाव आहे. लुई आंत्वान द बोगनव्हिल हा १७६६ ते १७६९ या काळात जहाजांनी पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. त्याच्या मोहिमेत फिलिबेर कोमेर्सों नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १७६७ मध्ये जहाजे ब्राझीलमध्ये रिओ द जानेरो येथे थांबली असताना ही वनस्पती या मंडळींना मिळाली आणि मोहिमेच्या प्रमुखाचे नाव तिला देण्यात आले. त्या नावातील 'व्हिलिया'चा आपण मराठी माणसांनी 'वेल' करून टाकला!

कोमेर्सोंच्या मदतनिसाचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या काळी फ्रेंच आरमारी जहाजांवर स्त्रियांना मनाई होती. म्हणून झान बारे नावाची एक तरुणी पुरुषाचा वेष करून मदतनीस म्हणून जहाजावर चढली. वनस्पती गोळा करण्याचे कष्टाचे काम तिने केले. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून आज तिचे नाव घेतले जाते.

बोगनवेलीचे मूळ घर दक्षिण अमेरिका. आपल्याकडे ती बागेची शोभा म्हणून आली. अशीच शोभेसाठी आणलेली दुसरी एक परदेशी वनस्पती म्हणजे घाणेरी किंवा टणटणी. तिची फळे पक्षी खातात, बिया सर्वत्र टाकतात आणि ती रानेच्या राने व्यापते. बोगनवेलीचे तसे झाले नाही. आपल्या बागांतील बहुतेक जातींना बी क्वचितच धरते. माणसाने फांदी लावावी तेव्हाच ती नव्या जागी जाते. आपल्या शहराच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल अगदी लागून आहे. अशा ठिकाणी परदेशी झुडूप लावताना 'ते आपल्या आपण पसरेल का?' हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

ज्याला फूल म्हणतो ते फूल नव्हे

बोगनवेलीचा रंगीत भाग हातात घेऊन नीट पाहा. कागदासारखी पातळ अशी तीन रंगीत 'पाने' एकत्र आलेली दिसतील. होय, ती पानेच आहेत. त्यांवर शिरांची जाळीसुद्धा दिसते. फुलाच्या देठापाशी येणाऱ्या अशा पानाला सहपत्र म्हणतात. प्रत्येक सहपत्राच्या मधल्या शिरेला चिकटलेली एक बारीक नळी आहे. नळीच्या तोंडाशी पांढरट रंगाची लहानशी चांदणी उमललेली असते. हीच खरी फुले! तीन सहपत्रांवर तीन फुले असा हा गुच्छ असतो. फुलाला वेगळ्या पाकळ्या नसतात. नळी ब्लेडने उभी चिरली तर आत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दिसतात.

इवल्याशा फुलाकडे कीटकांचे लक्ष जावे म्हणून पानांनी रंग धारण केला आहे. असे सोंग घेणाऱ्या वनस्पती आणखीही आहेत. पॉइन्सेटियाची लाल 'फुले' म्हणजे पानेच. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात दिसणाऱ्या भूतकेसाचे पांढरे 'पान' म्हणजे फुलाचे एक मोठे झालेले निदल असते. फूल कोमेजले तरी बोगनवेलीची सहपत्रे पुष्कळ दिवस टिकतात. म्हणून झाड आठवडेच्या आठवडे फुललेले दिसते.

बोगनवेलीची नातलग मंडळी तुमच्या ओळखीची आहेत. संध्याकाळी फुलणारी गुलबक्षी आणि रस्त्याच्या कडेला जमिनीवर पसरणारी पुनर्नवा या दोन्ही तिच्याच कुळातील होत.

काटा कोठे येतो?

आता काट्याकडे वळू. गुलाबाचा काटा बाजूला दाबला की सालीसह सुटून येतो. तो सालीवरचा उंचवटा असतो आणि खोडावर कोठेही येतो. बोगनवेलीचा काटा असा सुटत नाही. तो फांदीच्या आतील लाकडाशी जोडलेला असतो. त्याची जागाही ठरलेली असते. पान जेथे फांदीला मिळते त्या बेचक्यात, म्हणजे पानाच्या कक्षात, तो उगवतो. कक्षातील कळी म्हणजे नवी फांदी निर्माण करणारी कळी. म्हणून बोगनवेलीचा काटा हे रूपांतरित खोड होय, असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो.

हे वाचून मी कधीच पुढे विचार केला नव्हता. शेजारच्या मुलीने मात्र दुभाजकावरची एक फुललेली फांदी पाहून ठेवली होती. ती म्हणाली, "काका, फुलांचा गुच्छसुद्धा पानाच्या बेचक्यातूनच निघतो. मग ज्या जागी काटा येतो त्याच जागी फूल येते की काय?"

तिने अगदी वर्मावर बोट ठेवले होते. एकाच फांदीवर पाहा : खालच्या पेऱ्यांवर, पानाच्या कक्षात काटे आहेत. वरच्या पेऱ्यांवर, त्याच जागी, फुलांचे गुच्छ आहेत. एकच कळी दोन वाटांपैकी कोणत्याही वाटेने जाऊ शकते. एका वाटेने गेली तर काटा होतो, दुसऱ्या वाटेने गेली तर गुच्छ. माझ्या गच्चीवर बोटाच्या पेराएवढा प्रत्येक काटा म्हणजे न आलेला फुलांचा गुच्छच होता म्हणा ना!

वाट कोण ठरविते?

कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅकेट आणि सॅक्स या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या काळात बोगनवेलीवर याविषयी प्रयोग केले. जिबरेलिन नावाचे वाढीचे द्रव्य दिले की फुलांऐवजी पाने आणि काटे यांची बाजू भक्कम होते, असे त्यांना दिसले. दिवस लहान असले, तसेच सायटोकायनिन हे दुसरे द्रव्य दिले, की गुच्छाची वाढ चांगली होते. शेंड्याची कोवळी पाने खुडली तरी गुच्छाला फायदा होतो.

याचा अर्थ कसा लावायचा? झाडाने तयार केलेले अन्न मर्यादित असते. शेंडा आणि कोवळी पाने वेगाने वाढत असतील तर ते अन्न तीच ओढून घेतात. कक्षातील कळीच्या वाट्याला फारसे काही येत नाही. शेंड्याची वाढ मंदावली की अन्न कळीकडे वळते आणि गुच्छ पोसला जातो. घरात एकाच वेळी दोन खर्च निघाले की एक मागे पडतो, तसेच हे आहे.

माझी चूक आता लक्षात आली. रोजचे पाणी आणि दरमहाचे खत यांमुळे माझे झाड सतत वाढतच राहिले. त्याला थांबायला मी उसंतच दिली नाही.

महिन्यांची साक्ष

पण थांबा. दिवस लहान असणे महत्त्वाचे, की पाणी कमी असणे? आपल्या भागातील तीन महिने शेजारी शेजारी मांडून पाहू.

मे : दिवस सुमारे १३ तासांचा, ऊन कडक, माती कोरडी. बोगनवेल फुललेली.

जुलै : दिवस सुमारे १३ तासांचा, आभाळ ढगाळ, माती चिंब. फुले जवळजवळ नाहीत.

डिसेंबर : दिवस सुमारे ११ तासांचा, ऊन स्वच्छ, माती कोरडी. बोगनवेल फुललेली.

मे आणि जुलै यांत दिवसाची लांबी जवळजवळ सारखी, तरी फुलण्यात मोठा फरक. म्हणजे आपल्याकडे केवळ दिवसाच्या लांबीवर सर्व काही ठरत नाही. लहान दिवस मदत करतात, पण त्यांच्यावाचून अडतेच असे नाही. मग जुलैमध्ये फुले अडवितो कोण? ढग की पाणी? येथे मात्र आकाश आपल्याला उत्तर देत नाही, कारण पावसाळ्यात दोन्ही गोष्टी एकदमच येतात. निसर्गात अनेक कारणे अशी एकमेकांत गुंतलेली असतात. त्यांतील एक वेगळे काढण्यासाठी प्रयोगच करावा लागतो.

दोन कुंड्यांचा प्रयोग

आम्ही पुढे दिल्याप्रमाणे प्रयोग ठरविला. तुम्हांला शाळेतही तो करता येईल.

पावसाळ्यात एकाच बोगनवेलीचे पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे आठ-दहा फाटे घ्यावेत. एकाच झाडाचे फाटे घेण्याचे कारण असे की, त्यांचे आनुवंशिक गुण सारखे असतात. झाडांतच फरक असल्याचा संशय मग उरत नाही. फाटे वाळूमिश्रित मातीत रोवावेत. सर्वच जगत नाहीत, म्हणून थोडे जास्त लावावेत. मुळे धरलेली रोपे सारख्या आकाराच्या कुंड्यांत लावावीत. मात्र बोगनवेलीची मुळे नाजूक असतात. रोप हलविताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये.

रोपांनी चांगला जीव धरला की, पुढच्या वर्षी पाऊस संपल्यावर, कुंड्यांचे दोन गट करावेत. दोन्ही गट एकाच उन्हात ठेवावेत. माती तीच, खत तेच. पहिल्या गटाला रोज पाणी द्यावे. दुसऱ्या गटाला, कोवळी पाने किंचित मान टाकू लागतील तेव्हाच पोटभर पाणी द्यावे. प्रत्येक आठवड्याला तीन गोष्टी वहीत नोंदवाव्यात : नव्या पानांची संख्या, नव्या काट्यांची संख्या आणि गुच्छांची संख्या. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि बाकी सर्व सारखे ठेवावयाचे, हे प्रयोगाचे सूत्र विसरू नका. प्रत्येक गटात एकच कुंडी ठेवून भागत नाही. एखादे रोप कीड लागूनही मागे पडू शकते.

एक इशारा : नुकतीच मुळे फुटलेल्या रोपाला तहानलेले ठेवू नये. मोठ्या झाडालाही पाने वाळेपर्यंत कोरडे ठेवणे चूक आहे. ताण द्यावयाचा आहे, शिक्षा नव्हे.

मीरा-भाईंदरमध्ये बोगनवेल

आता आपल्या गावचा विचार करू. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरे आणि खारफुटी. येथील सखल भागातील माती चिकट, खारवट आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी आहे. बोगनवेल खारी हवा आणि थोडा खारेपणा बऱ्यापैकी सोसते. तिला न सोसणारी गोष्ट म्हणजे मुळांशी साचलेले पाणी. आपल्याकडे वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सर्व चार महिन्यांत. म्हणून जमिनीत लावायची तर खड्ड्यात न लावता मातीचा उंचवटा करून त्यावर लावावी. कुंडीत लावायची तर तळाच्या भोकांवर खापऱ्या ठेवाव्यात आणि पोयटा माती, वाळू व शेणखत यांचे मिश्रण भरावे. कुंडीखालची बशी पावसाळ्यात काढून टाकावी.

दुसरी गोष्ट उन्हाची. बोगनवेलीला दिवसातून पाच-सहा तास सरळ ऊन हवे. मीरा रोडच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांनी आपली गॅलरी कोणत्या दिशेला आहे ते पाहावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून उत्तरेच्या गॅलरीत त्या दिवसांत ऊन येतच नाही. आपले शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. उत्तरेच्या गॅलरीला तेवढेच दिवस चांगले ऊन मिळते, पण त्यांतले बरेचसे पावसाचे ढग खाऊन टाकतात. दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळाभर ऊन येते. म्हणून बोगनवेल तेथे शोभेल. उत्तरेच्या गॅलरीत सावलीत वाढणारे दुसरे काही लावावे.

तिसरी गोष्ट छाटणीची. फुले नव्या फुटीवर येतात. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर, लांब फांद्या छाटाव्यात. नवी फूट वीतभर झाली की तिचे शेंडे खुडावेत आणि मग पाण्याचा हात आखडता घ्यावा. नत्राचे खत या वेळी देऊ नये. त्याने पाने वाढतात. छाटणी करताना जाड हातमोजे घालावेत आणि छाटलेल्या काटेरी फांद्या मुलांच्या वाटेत टाकू नयेत.

बागेत फिरताना एकाच झाडावर दोन रंगांचे गुच्छ दिसले तर चकित होऊ नका. 'मेरी पामर' नावाच्या जातीत पांढरी आणि गुलाबी सहपत्रे एकाच झाडावर येतात. कलकत्त्याच्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत 'मिसेस बट' या किरमिजी जातीच्या एका फांदीत आपोआप बदल घडून ती मिळाली. अशा बदललेल्या फांदीचे कलम केले की नवी जात तयार होते. बी नसले तरी विविधता येते ती अशी.

करून पाहा : रंगाची परीक्षा

बोगनवेलीची दहा-बारा गडद गुलाबी सहपत्रे थोड्या थंड पाण्यात कुटून गाळून घ्या. पाणी उकळू नका, कारण उष्णतेने हा रंग उतरतो. गोकर्णाच्या निळ्या फुलांचाही असाच रस काढा. दोन्ही रसांचे थोडे थोडे भाग करून एकात लिंबाचा रस आणि एकात खाण्याचा सोडा घाला. गोकर्णाचा रस लिंबाने जांभळा-गुलाबी आणि सोड्याने हिरवट होईल. बोगनवेलीचा रस दोन्हींत फारसा बदलणार नाही. गोकर्णाचे रंगद्रव्य अँथोसायनिन या गटातील आहे. बोगनवेलीचे बीटालेन या अगदी वेगळ्या गटातील आहे. बीट, लाल माठ आणि गुलबक्षी यांतही बीटालेनच असते. आता शिक्षकांच्या देखरेखीखाली बोगनवेलीच्या रसात चुन्याची निवळी घाला आणि थोडा वेळ वाट पाहा. गुलाबी रंग जाऊन रस पिवळट होत जाईल. चुन्याची निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका.

झाडाचा निकाल

माझ्या झाडाचे काय झाले, हे तुम्ही विचारालच. ऑक्टोबरमध्ये छाटणी केली, खत बंद केले आणि पाणी चौथ्या-पाचव्या दिवसावर आणले. डिसेंबर कोरडाच गेला तेव्हा माझा धीर सुटत चालला होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या मुलीने गच्चीवरून हाक मारली. वरच्या पेऱ्यांच्या बेचक्यांत, जेथे दोन वर्षे काटेच येत होते, तेथे गुलाबी टिकल्या दिसू लागल्या होत्या. महिनाअखेर झाड भरून गेले.

मी तिला म्हणालो, "बघ, पाणी तोडले आणि झाड फुलले!" ती लगेच म्हणाली, "पण काका, तुम्ही छाटणीही केली, खतही थांबविले आणि दिवसही लहान झाले होते. मग पाण्यामुळेच फुलले, हे कशावरून?"

खरेच की! चार गोष्टी एकदम बदलून मी एकीलाच श्रेय देत होतो. झाड वाचले, पण प्रश्न अजून सुटावयाचा आहे. तिने त्याच झाडाचे दहा फाटे लावले होते. त्यांतले सहा जगले आहेत. तीन कुंड्या रोजच्या पाण्याच्या आणि तीन तहानेच्या, अशा चिठ्ठ्या तिने तयार ठेवल्या आहेत. तुमच्या शाळेच्या गच्चीवरही सहा कुंड्यांना जागा असेलच. तुमच्या वहीतील आकडे काय सांगतात ते पाहा.

विचार करा

१. बोगनवेलीला वेलासारखे तणावे नसतात. मग ती दुसऱ्या झाडावर कशाच्या आधाराने चढते?

२. गुलबक्षीचा रंगीत भाग फुलाचा कोणता भाग आहे? त्याच्या तळाशी असलेल्या हिरव्या भागाची बोगनवेलीच्या रंगीत सहपत्रांशी तुलना करा.

३. दुभाजकावरील झाडांना पाणी कमी मिळते, शिवाय रात्री दिव्यांचा उजेडही मिळतो. 'लहान दिवसांमुळेच फुले येतात' या म्हणण्याची परीक्षा घेण्यासाठी या झाडांचा उपयोग कसा करता येईल?